'चाल' म्हणजे कॉल की रेज?

पोकर शिकतोय, शब्दांवरच अडलोय. आमच्याकडे जळगावला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तीन पत्तीचे डाव बसतात, तिथं लहानपणापासून 'चाल' हाच शब्द ऐकलाय, त्यामुळे बेट (पहिले पैसे टाकणं), कॉल (समोरच्याइतकेच टाकणं), रेज (त्याहून वाढवणं) सगळ्यालाच चाल म्हणतो. चुकतंय का? आणि ब्लाइंड दोन्हीकडे एकच ना?

– ब्लाइंड एकच नाही भो. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं, 'पानं देखीसन चाल टाक' असं म्हातारे म्हणतात ते त्याच्या उलट, बघितले की दुप्पट टाकावे लागतात. पोकरचा ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीनं टाकायचे पैसे, आपल्या बूटसारखे, म्हणजे डावाच्या सुरुवातीला मध्ये टाकायच्या पैशांसारखे, फक्त बूट सगळे टाकतात.

चालीचं मात्र नीट समजून घे, कारण तिथंच आपली माणसं हरतात. तीन पत्तीत पाळी आली की चाल नाहीतर पॅक (पत्ते टाकून डाव सोडणं), तिसरी वाट म्हणजे शो (शेवटच्या दोघांनी पत्ते उघडणं) नाहीतर साइड शो (आधीच्या खेळाडूशी गुपचूप पत्ते ताडून बघणं), त्यालाही पैसे लागतातच. पोकरमध्ये समोरून बेट नसेल तर 'चेक' म्हणून फुकट थांबता येतं आणि याला आपल्याकडे शब्दच नाही, म्हणून हात आपोआप पैशाकडे जातो. मी सुरुवातीला कॉल कॉल करतच बसायचो. आता चिंचोके मोजून सराव करतो. मध्ये, म्हणजे पॉटमध्ये, 100 आहेत, समोरच्यानं 50 टाकले, म्हणजे 50 टाकून 150 मिळवायचेत, चारात एकदा जिंकलो तरी बरोबरी. आता टेबलावरचे दोन आणि माझे दोन असे चार बदाम झालेत, पाचवा आला की फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) होऊन डाव माझा, शेवटचा एकच पत्ता यायचाय, न दिसलेल्या 46 पत्त्यांत 9 बदाम, म्हणजे साधारण पाचात एकदा. मग पॅक. जीव कळवळतो पण पॅकच, बदाम आल्यावर समोरचा अजून बरेच देईल अशी खात्री असेल तरच कॉल करून डावात राहायचं.

– ब्लफला, म्हणजे हलक्या पानांवर मोठी बेट टाकून समोरच्याला पळवायला, 'थाप' म्हणतात ते मला पटत नाही, थाप तोंडानं मारतात. 'हूल' बरोबर बसतो, कबड्डीत चढाईवाला देतो तशी. 100 च्या पॉटवर 50 ची हूल दिली तर तीनात एकदा समोरचा पळाला तरी नुकसान नाही. पण जो पॅक म्हणतच नाही त्याला हूल देऊ नये, त्याच्यासमोर चांगली पानं येईपर्यंत थांबावं आणि मग मोठी बेट टाकावी.