मराठ्यांची फौज 'खडी फौज' होती का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
१७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. तो घेणारे सैनिक बारमाही पगारी, म्हणजे खडी फौज, होते, की मोहिमेपुरते जमलेले शेतकरी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (कळवा):
दोन्ही टोके टाळावीत. शिवकाळात बारगिराला घोडा सरकारातून मिळे आणि तो पागेत, म्हणजे सरकारी घोडदळात, कायम चाकरीस असे, तर शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येई. शिवाजी महाराजांचा कल जमीन तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याकडे होता, म्हणून त्या काळातील पागेला खडी फौज म्हणणे मला योग्य वाटते. फौज पावसाळ्यात छावणीला परते व दसऱ्याला पुन्हा निघे, पण छावणी म्हणजे बरखास्ती नव्हे. पेशवाईत मात्र सरंजामाची, म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदाराला मुलखाचा महसूल तोडून देण्याची, पद्धत वाढली आणि पथके सरदारांची झाली. सैनिकाची निष्ठा पगार देणाऱ्याकडे वळणे मग ओघाने आलेच.

उत्तर (ऐरोली):
पुढचा टप्पा कवायती, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या, पायदळाचा. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारदी असे पायदळ घेऊन मराठ्यांकडून लढला. नंतर महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून अशा पलटणी उभारून घेतल्या. फ्रान्समध्ये सातव्या चार्ल्सने १४४५ पासूनच कायम पगारी घोडदळ ठेवले होते. पगार थकला की अशी फौज धरणे धरते, हे दोन्हीकडे सारखेच.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. १७३७ च्या फौजेत पागा किती आणि सरदारांची पथके किती, हे आता शोधतो.