मदत हवी आहे: करिअर निवडीतला आत्मविश्वास मोजताना अडचण

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या दिव्यांग पदवी विद्यार्थ्यांसाठी करिअर निवडीतला आत्मविश्वास मोजणाऱ्या, टेलर आणि बेट्झ यांच्या १९८३ च्या मापनीची (प्रश्नावलीची) २५ विधानांची छोटी आवृत्ती मराठीत वापरायची आहे. तिचे पाच भाग: स्वतःची पारख, व्यवसायांची माहिती, ध्येयनिवड, नियोजन, अडचणी सोडवणं.

घोळ होतो तो एकूण गुणांत. ‘त्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाशी बोलू शकाल का?’ या विधानाला कर्णबधिर मुलगी पाचापैकी १ देते, कारण दुभाषी नाही. अंध मुलगा माहितीच्या भागात कमी गुण घेतो, कारण भरतीची जाहिरात स्कॅन केलेली पीडीएफ असते आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. हा आत्मविश्वासाचा अभाव कसा म्हणायचा? म्हणून प्रत्येक विधान दोनदा विचारायचा विचार आहे: ‘आज आहे त्या स्थितीत’ आणि ‘हवी ती सोय मिळाली तर’. दोन्हींतला फरक मोठा असेल तर आधी सोय, मग समुपदेशन. पण ५० उत्तरं देताना मुलं कंटाळतील, हे दिसतंच आहे.

पालकांचं वेगळंच. शेजारी बसून ‘४ टक्के आरक्षण आहे, सरकारी परीक्षाच देईल’ असं परस्पर ठरवतात. मग ध्येयनिवडीचे गुण भरघोस येतात, पण ते कुणाचे?

भारतीय सांकेतिक भाषेत पाच पायऱ्यांची उत्तरं कुणी बसवली आहेत का? ‘थोडाफार’ आणि ‘बऱ्यापैकी’ यांतला फरक खुणांत कसा दाखवलात? आणि विरार-कल्याणहून येणाऱ्यांसाठी लोकल प्रवासावर वेगळं विधान घालावं, की मूळ मापनीला हात लावू नये?