पैज ‘रद्द’ झाली की ‘बरोबरीत सुटली’? बेसबॉलच्या पैजांसाठी मराठी शब्द हवेत

विचारणा

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बेसबॉलवर लेख लिहितेय. मे २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आमच्याच राज्याच्या खटल्यात निकाल दिला आणि नेवाडाबाहेरही खेळांवरच्या पैजा कायदेशीर करायला राज्यांना वाट मोकळी झाली. त्यामुळे लेखात पैजांवर एक चौकट हवीच, असं संपादकांचं म्हणणं आहे.

मी घेतलेला प्रकार असा. हंगाम सुरू होण्याआधी बुकी प्रत्येक संघापुढे एक आकडा मांडतो, समजा ८६. संघ १६२ सामने खेळणार असतो. त्यातले ८६हून जास्त जिंकेल असं वाटलं तर ओव्हर, कमी वाटलं तर अंडर. पैसे लावायचे आणि सप्टेंबरअखेरपर्यंत थांबायचं.

माझं वाक्य: “संघाने ८६ किंवा अधिक सामने जिंकले तर ओव्हरवाले जिंकतात. पुश झाल्यास किंवा संघाचे १६० सामने न झाल्यास पैज रद्द होऊन पैसे परत मिळतात.”

माझ्या सासऱ्यांनी वाचलं आणि विचारलं, “८६ला जर ओव्हरवाला जिंकला, तर पुश होणार कधी?” तिथेच अडले आहे. पुश, व्हॉइड, ॲक्शन, सेटल, हुक हे पाचही शब्द मराठीत कसे आणावेत?

प्रतिसाद

ताई, सासऱ्यांनी नेमकं बोट ठेवलंय. आकडा ८६ असेल तर ओव्हरला ८७ लागतात, अंडरला ८५ किंवा कमी. बरोबर ८६ झाले की कोणीच जिंकत नाही, ज्याचे पैसे त्याला परत. हाच पुश. ‘८६ किंवा अधिक’ हे वाक्य आकडा साडेपंच्याऐंशी असेल तेव्हाच खरं.

आणि या ‘साडे’साठीच आपल्याकडे फार चांगला शब्द आहे. अर्धा सामना कोणी जिंकत नाही, मग बुकी आकड्यात अर्धा का घालतो? बरोबरीची शक्यताच उरू नये म्हणून. इंग्रजीत त्याला हुक म्हणतात. मराठीत ती मेख. “साडेपंच्याऐंशीतल्या साडेची मेख” म्हणा, कोणालाही समजेल.

आता पुश. मी सांगलीकडचा, गावच्या यात्रेतल्या कुस्त्या बघत वाढलो. आमच्याकडे कुस्ती दोनच तऱ्हेची: निकाली झालेली, नाहीतर बरोबरीत सुटलेली. अर्धा-पाऊण तास झटूनही कोणी चीत होत नाही, तेव्हा पंच मध्ये पडतात, दोघांचे हात वर करतात आणि हलगी थांबते. ती कुस्ती रद्द झाली असं मैदानात कोणी म्हणत नाही. ती झाली, पुरी झाली, फक्त कोणी पडलं नाही. पुश म्हणजे हेच: हंगाम पुरा झाला, मोजणी झाली, आकडा तंतोतंत जुळला. म्हणून “पैज बरोबरीत सुटली”.

व्हॉइड म्हणजे कुस्ती लागलीच नाही. पाऊस आला, मैदान मोडलं. पैसे तेव्हाही परतच मिळतात, पण कारण वेगळं. तुमच्या वाक्यात दोन्ही एका ‘रद्द’मध्ये कोंबले गेलेत, आणि माझी खरी हरकत त्यालाच आहे.

यात काय बिघडतं ते एका खऱ्या हंगामावर दाखवतो. २९ सप्टेंबर २०२४ला क्लीव्हलंडमध्ये गार्डियन्स आणि ॲस्ट्रोज यांचा शेवटचा सामना पावसाने गेला. बाद फेरीवर त्याचा परिणाम होणार नव्हता, म्हणून तो पुन्हा खेळवलाच नाही. दोन्ही संघ १६१ सामन्यांवर थांबले. गार्डियन्सचे विजय ९२, ॲस्ट्रोजचे ८८.

समजा कोणाकडे गार्डियन्सचा आकडा ९२ होता. त्या बुकीचा नियम ‘किमान १६० सामने’ असा असेल, तर पैज लागू राहिली आणि ९२वर बरोबरीत सुटली. नियम ‘पूर्ण १६२’ असेल, तर पैज रद्द. दोघांनाही पैसे परत मिळाले, म्हणून फरक जाणवत नाही. आता आकडा साडेब्याण्णव घ्या. पहिल्या बुकीकडे ओव्हरवाला हरला, कारण एक सामना शिल्लक असला तरी मोजणी ९२वर संपली. दुसऱ्याकडे त्याच माणसाला पूर्ण रक्कम परत. संघ तोच, विजय तेवढेच, पाऊसही तोच. नियमातल्या एका आकड्याने पैसे गेले किंवा वाचले. वाचकाला हे कळावं म्हणून दोन शब्द वेगळे हवेत.

ॲस्ट्रोजमुळे आणखी एक कलम समोर येतं. आकडा साडेसत्त्याऐंशी असता तर ८८वा विजय झाला तिथेच ओव्हर ठरलं. मग उरलेला सामना होवो न होवो. बऱ्याच नियमावल्यांत ‘निकाल आधीच ठरला असेल तर सामन्यांची अट लागू नाही’ असं असतं. तुमच्या चौकटीत हे यायलाच हवं.

ॲक्शनसाठी वर वापरलं तेच: “पैज लागू”. ‘लागली’ मात्र नको. आपल्याकडे लॉटरी लागते, मटक्याचा आकडा लागतो, म्हणजे माणूस जिंकलेला असतो.

सेटलला एक शब्द पुरणार नाही. आधी पैज निकाली होते, मग पैसे चुकते होतात. ‘निकालात काढली’ असं लिहू नका, त्यात झटकून टाकल्याचा वास आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच निकाली झालेली पैज कुठे लगेच चुकती करतात, कुठे हंगाम संपेपर्यंत थांबवतात. दोन शब्द हाताशी असले की ते सरळ सांगता येतं.

प्रतिसाद

बरोबरी मान्य. व्हॉइडसाठी मात्र ‘बाद’ सुचवतो. मी शिक्षक होतो, मतपत्रिकांच्या काळात बऱ्याच मोजण्यांना बसलो आहे. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की ते मत बाद. ते कोणाच्याच पारड्यात जात नाही, वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायचं. समसमान मतं हा प्रकार निराळा, तिथे चिठ्ठी टाकतात. पुश आणि व्हॉइडमधला फरक तोच नव्हे का?

प्रतिसाद

सर, दाखला अगदी चपखल आहे, आणि मतमोजणीवरच्या लेखात मी तोच शब्द धरला असता. पण हा खेळाचा मजकूर. खेळाच्या पानावर ‘बाद’ म्हणजे फलंदाज तंबूत गेला, आणि वर मी स्वतःच ‘बाद फेरी’ लिहिलंय. “पैज बाद” वाचून दहातले आठ जण पैज हरली असंच समजतील. ‘रद्द’ला तो धोका नाही. गाडी रद्द झाली की तिकिटाचे पैसे परत मिळतात, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

कायद्यातला ‘शून्य’ही इथे टाळा. भारतीय करार कायद्याच्या कलम ३०नुसार पैजेचा करार मुळातच शून्य, हरलेल्याकडून कोर्टामार्फत पैसे वसूल करता येत नाहीत. बुकीची रद्द पैज त्याच्या स्वतःच्या नियमाने रद्द होते. या दोन गोष्टींची सांगड वाचकाच्या डोक्यात बसायला नको.

‘रद्द’चं सर्वात मोठं उदाहरण २०२०चं. कोविडमुळे हंगाम ६० सामन्यांवर आला, तेव्हा १६२ धरून लावलेल्या पैजा बहुतेक ठिकाणी रद्द झाल्या आणि ६०साठी नवे आकडे निघाले. सेंट लुईस कार्डिनल्स तर ५८च खेळू शकले.

मूळ विचारणेवर पुढे

दादा, सर, दोघांचेही मनापासून आभार. वाक्य असं केलंय:

“आकडा ८६ असेल तर ओव्हरला ८७ विजय लागतात, बरोबर ८६ झाले तर पैज बरोबरीत सुटते आणि ज्याचे पैसे त्याला परत जातात. संघाने साखळीत किमान १६० सामने खेळले तरच पैज लागू, नाहीतर रद्द. मात्र निकाल आधीच ठरला असेल तर ती अट नाही.”

‘साखळी’ लिहिताना मात्र हात अडखळला. २०१८मध्ये ब्रुअर्स आणि कब्ज दोघेही १६२ सामन्यांनंतर ९५ विजयांवर होते. ही बरोबरी फोडायला १ ऑक्टोबरला त्यांचा १६३वा सामना झाला, ब्रुअर्स जिंकले आणि ९६ झाले. अधिकृत नोंदीत तो साखळीतलाच सामना. समजा कोणाकडे साडेपंच्याण्णवचा आकडा असता, तर त्या एका सामन्यावर सगळं फिरलं असतं, आणि तो धरायचा की नाही हे बुकीच्या नियमावरच. २०२२पासून असे जादा सामने बंद झालेत, त्यामुळे चौकटीत ते घालत नाही. पण अशा सामन्याला कोणी मराठी शब्द वापरला असेल तर सांगा. ‘निर्णायक’ म्हटलं की अंतिम सामना वाटतो, आणि ‘फेरसामना’ म्हणावं तर आधीचा कुठला सामना रद्दच झालेला नव्हता.