मदत हवी आहे : नवा बबल टिप ॲनिमोन खडकाला पाय रोवत नाही

सहा दिवसांपूर्वी आणलेला बबल टिप जातीचा ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल नावाचा फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी, अद्याप एकाही खडकाला चिकटलेला नाही. खाऱ्या पाण्याची टाकी २०० लिटरची असून सुरू होऊन सात महिने झाले आहेत. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६ अंश, अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएम. पाण्यासाठी आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध करणारे फिल्टर) वापरतो, आणि ॲनिमोनला घातक असलेले औषधातील तांबे या टाकीत कधीही गेलेले नाही.

आणतानाच त्याचा रंग फिकट, जवळजवळ पांढरा होता (तरी घेतला, ही घाई माझीच). दीड तास थेंबथेंब पाणी मिसळून त्याला टाकीत सोडले, दिवे निम्म्यावर आणले आणि वेव्हमेकरला (पाणी खेळवणाऱ्या पंपाला) जाळी लावली. तरीही दिवसातून दोनदा तो पूर्ण आकसतो, तपकिरी चिकट द्रव टाकतो व काही तासांनी पुन्हा फुगतो. तोंड किंचित उघडे राहते, मात्र पाय फाटलेला नाही आणि दुर्गंधीही नाही. चौथ्या दिवशी दिलेला कोळंबीचा बारीक तुकडा त्याने तासाभरात ओकून टाकला. क्लाउनफिशची जोडी सध्या जाळीपलीकडे ठेवली आहे.

माझ्याकडे दुसरी टाकी नाही, त्यामुळे काही हौशी मंडळी देतात तसे सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक वेगळ्या टाकीत देणे शक्य दिसत नाही. अशा स्थितीत खाऊ घालणे थांबवून केवळ प्रकाश हळूहळू वाढवावा, की बादलीत हीटर व एअर पंप लावून औषधोपचार करण्याचा धोका पत्करावा? आणि तो वाचणार नाही, टाकीतून काढायलाच हवा, हे नेमके कोणत्या लक्षणावरून ओळखावे?