राक्षसी झाडाला दात कशाला?

रानपाखरू
गेममध्ये किंवा चित्रकथेत मांसाहारी झाड आलं की त्याला हटकून जबडा आणि दात. मूळ बहुधा एकच, अमेरिकेच्या कॅरोलायना भागातलं व्हीनस फ्लायट्रॅप. पण त्याच्या पानाच्या कडेचे काटे म्हणजे दात नव्हेतच. माशी निसटू नये म्हणून लावलेले ते गज आहेत. खरी करामत चित्रकार सोडूनच देतात. पानातल्या केसाला एकदा धक्का लागला तर पान ढिम्म. वीसेक सेकंदांत दुसरा लागला की मिटतं. म्हणजे झाड मोजतं! दुसऱ्या स्पर्शाची वाट बघत बसलेला राक्षस केवढा भयंकर होईल. निसर्गाचं नुसतं रूप उचलू नका, त्याची रीत घ्या.

कोरा कागद
अजिबात पटलं नाही. मी मोबाइल गेमसाठी पात्रं काढतो. खेळणाऱ्याला नखाएवढं चित्र दिसतं, तेही पळता पळता. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समधलं नळातून वर येणारं झाड घ्या. नाव पिरान्हा माशाचं, तोंडही तसंच. दात दिसले की लहान मूलसुद्धा लांब राहतं. तुमचं मोजणारं झाड आधी समजावून सांगावं लागेल.

रानपाखरू
समजवायचं कशाला? पहिल्यांदा हात लागला, काही झालं नाही. लगेच दुसऱ्यांदा लागला, डाव संपला. पुन्हा कोण विसरेल?
सप्टेंबरात कासच्या पठारावर वाटेच्या कडेला बसून दवबिंदूच्या रोपाचं चित्र काढत होते. वीतभरसुद्धा नाही. पानावर लाल केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. एक चिलट अडकलं होतं. एक पाय सोडवायला जावं तर दुसरा चिकटायचा. झाडाला कसलीच घाई नव्हती. शेजारी सीतेची आसवं नावाच्या फुलांचा निळाजांभळा गालिचा, लोक फोटो काढत होते. ते नाजूक फूलझाडही शिकार करतं, पण खाली ओल्या मातीत, इवल्याशा पिशव्यांत. असं पात्र कुणी काढलंय?

शिल्पवेडी
माझा दोघांनाही विरोध आहे. वेरूळच्या २१ नंबरच्या लेण्यात, रामेश्वरात, मकरावर उभी असलेली गंगा बघा. मकर म्हणजे मगरीचा जबडा, हत्तीची सोंड, माशाचं अंग. यात रीत कुठल्या प्राण्याची? कुणाचीच नाही. तरी तो खोटा वाटत नाही, कारण एका प्राण्याचं अंग कुठे संपलं नि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं ते सापडत नाही. अवयव जोडण्याला कमी लेखू नका, रानपाखरू. शतकानुशतकं आपल्या कारागिरांनी तेच केलंय.

कोरा कागद
सांध्याचं बोललात ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे नवी मुलं वाघाच्या धडाला गरुडाचे पंख डकवतात, पण ते हलवणारे स्नायू कुठून निघतील याचा विचारच नसतो.
दातांवर मात्र मी ठाम आहे. बाकी ती मातीतली पिशवी शिकार पकडते कशी?

रानपाखरू
आतलं पाणी बाहेर टाकून ती चेपलेली राहते. दाराच्या केसाला धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाणी शिकारीसकट आत ओढलं जातं. दात लागतच नाहीत!
आणि शिल्पवेडी, देवळाच्या प्रणालाला, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हळीला, मकरमुख असतं ना? अभिषेकाचं पाणी त्याच्याच तोंडातून पडतं. पाणी वाहणं ही मकराची रीतच की.

शिल्पवेडी
ती देवळाची रीत. मकराची नव्हे.