बायकोनूरचं कुंपण ओलांडून काढलेले फोटो: नोंद की चोरी?

गच्चीवरचा_कॅमेरा:

घरातला वाद इथे आणतोय, सांभाळून घ्या.

माझ्या कामाच्या टेबलासमोर एक मोठा फोटो लावलाय. कझाकस्तानातल्या बायकोनूर अंतराळतळावरचं प्रचंड हँगर. वरच्या फुटक्या काचांतून तिरपा उजेड येतोय आणि खाली दोन सोव्हिएत अंतराळयानं उभी आहेत. पंखांवर बोटभर धूळ, नाकाडावर पक्ष्यांची शिट. परवा मेव्हणा आला, म्हणाला, "कुठलं म्युझियम हे?" मी म्हटलं, म्युझियम नाही, बंद तळ आहे, फोटोवाले रात्री चालत जाऊन पहारा चुकवून आत शिरतात. तो म्हणाला, "म्हणजे चोरीचा माल भिंतीवर लावलायस." जेवण होईपर्यंत तेच चाललं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बुरान हे सोव्हिएतांचं स्पेस शटल. १५ नोव्हेंबर १९८८ला एकदाच अंतराळात गेलं. आत माणूस नव्हता. पृथ्वीला दोन फेऱ्या मारून आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. तीन वर्षांत तो देशच उरला नाही, १९९३मध्ये प्रकल्प गुंडाळला. उडालेलं यान तळावरच्या दुसऱ्या इमारतीत ठेवलं होतं. १२ मे २००२ला छपराची दुरुस्ती चालू असताना ते छप्पर कोसळलं, आठ कामगार गेले आणि यान चेपलं. माझ्या फोटोतली दोन यानं वेगळी. एक उड्डाणासाठी जवळपास तयार झालेलं, दुसरं जमिनीवरच्या चाचण्यांसाठी बनवलेलं पूर्ण मापाचं मॉडेल.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा जागा मालकाला नकोशा आणि बघणाऱ्याला बंद, म्हणून त्या पडत जातात. त्यांची नोंद ठेवतो तो कुंपणावरून उडी मारणाराच. २०१५च्या सुमारास ते फोटो जगभर फिरले, त्याआधी आपल्यापैकी किती जणांना हे हँगर माहीत होतं? ज्याने काही उचललं नाही, मोडलं नाही, फक्त उजेड कॅमेऱ्यात भरून आणला, त्याला चोर म्हणणं मला पटत नाही.

खडूस_काका:

मेव्हण्याला माझ्यातर्फे चहा पाजा.

धाग्यात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. जून २०२४मध्ये दोन फ्रेंच तरुण याच हँगरच्या दिशेने चालत निघाले होते. एक वाटेतच गेला. शरीरातलं पाणी संपून, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. दुसऱ्याला पहारेकऱ्यांनी पकडलं.

तो भाग नकाशावर बघा. सपाट, ओसाड गवताळ वाळवंट, झाड नाही, सावली नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, हिवाळ्यात उणे तीस-चाळीसपर्यंत. रस्त्यापासून हँगरपर्यंत तीस-चाळीस किलोमीटर, तेही रात्री, कारण दिवसा दिसाल. म्हणजे दिवस कुठेतरी खळग्यात पडून काढायचा. पाठीवर ट्रायपॉड, दोन लेन्स, बॅटऱ्या. वजन कमी करायचं तर पहिली कात्री कशाला लागते? पाण्याला. मे महिन्यात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या कुणालाही विचारा, दोन बाटल्या कमी घेतल्या की दुपारी काय होतं. तिथे निदान खाली गाव आहे.

"फक्त उजेड भरून आणला" हे वाक्य छान आहे. त्या मुलाच्या आईला ऐकवून बघा.

गच्चीवरचा_कॅमेरा:

काका, मृत्यूची बातमी मला माहीत होती. गाळली, हे खरं. पण हिमालयात दरवर्षी माणसं जातात म्हणून शिखराचे फोटो चोरीचे ठरत नाहीत. जोखीम हा एक मुद्दा, नैतिकता हा दुसरा. दोन्हींची खिचडी नको.

खडूस_काका:

शिखराला पहारेकरी नसतो. इथे तुमच्या जोखमीपायी दुसऱ्याला रात्री गाडी काढून वाळवंटात शोधत फिरावं लागतं. खिचडी तुम्हीच शिजवलीत.

तुळई_आणि_खांब:

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, माझी तक्रार वेगळीच आहे.

धागा वाचून या हँगरचे मिळतील तेवढे फोटो काल रात्री पाहिले. साठ-सत्तर तरी असतील. त्यातले पन्नास एकाच जागेवरून काढलेत! सगळे बाजूच्या लोखंडी मचाणावर चढतात, वरून दोन्ही यानं एका चौकटीत बसवतात, वाइड लेन्स, लाँग एक्स्पोजर, झालं. मग एक कॉकपिटमधला, एक नाकाडाजवळ पाठमोऱ्या माणसाचा. जीव धोक्यात घालून चाळीस किलोमीटर चालायचं आणि आधीच्याने काढलेलाच फोटो काढून परत यायचं. याला नोंद म्हणतात?

इमारतीचा फोटो कुणी काढलेलाच नाही. मला छताच्या कैच्या बघायच्या होत्या, म्हणजे ट्रस. त्यांचे सांधे रिव्हेटचे की वेल्डिंगचे? पाणी कुठून गळतं, गंज कोणत्या सांध्यावर आधी बसलाय? तो अवाढव्य दरवाजा किती झडपांचा आहे, रुळावर सरकतो की कसा? क्रेनचा गर्डर कशावर टेकलाय? शेजारची, छप्पर पडलेली इमारत मुळात साठच्या दशकात चंद्रावर जायच्या एन-१ रॉकेटसाठी बांधलेली. रॉकेट चारही वेळा फुटलं, मग तीच बुरानला दिली. दुरुस्ती चालू असताना आठ माणसांवर छप्पर पडलं, तर पहिला प्रश्न हा की शेजारच्या छताची आज काय अवस्था आहे. साठ फोटोंत मला वरच्या बाजूचे नीट दिसणारे फक्त दोन मिळाले. एकात कोपऱ्यातल्या कैचीची खालची पट्टी वाकल्यासारखी दिसते, पण वाइड लेन्सने तसं दिसतंच, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही.

धागाकर्त्याला विचारते: तुमच्या भिंतीवरचा फोटो कुठल्या कोनातून आहे?

गच्चीवरचा_कॅमेरा:

मचाणावरून. 😐

राईनकाठचा:

जर्मनीतून लिहितोय. कुंपण वगैरे ओलांडायची गरज नाही, एक बुरान आमच्याकडे श्पायरच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. हे अंतराळात गेलेलं नाही. वातावरणातल्या चाचण्यांसाठी त्याला चार जेट इंजिनं बसवली होती, पंचवीस उड्डाणं झाली. नंतर ते बहारीनमध्ये धूळ खात पडलं होतं. २००८मध्ये तराफ्यावर ठेवून राईन नदीतून वर आणलं, बघायला काठावर ही गर्दी.

पण मीच सांगतो, तिथे तो फोटो होत नाही. दिवे चांगले, शाळेची पोरं, जिना चढून पोटात डोकावायची सोय. सगळं समजतं, अंगावर काटा येत नाही. त्यामुळे धागाकर्त्याचं मन मला कळतं, मत पटत नसलं तरी.

स्टेपी_ते_सह्याद्री:

"मालकाला नकोशा" यावर आक्षेप. बायकोनूरला नक्की मालक कोण हाच घोळ आहे. जमीन कझाकस्तानची, तळ रशियाकडे भाड्याने, वर्षाला साडेअकरा कोटी डॉलर, करार २०५०पर्यंत. त्यात उड्डाणासाठी तयार होत आलेलं ते यान आपलं आहे असा दावा एका कझाक उद्योजकाने केला आणि २०२१मध्ये रशियाला सांगितलं की यान हवं तर आमच्या शेवटच्या खानाची, केनेसरीची, कवटी परत द्या. नकोशी वस्तू कुणी अशी सौद्यात धरून ठेवतं का?

त्याच वर्षी कुणीतरी आत घुसून यानावर रंगाचा फवारा मारून गेलं. "युरा, आम्ही पोचलो" वगैरे. युरा म्हणजे गागारिन. ती वाट त्यांना कुणी दाखवली? फोटोवाल्यांनीच ना. आधी फोटो, मग व्हिडिओ, मग रात्री कुठून वळायचं याचं वर्णन, मग स्प्रेचा डबा. "काही मोडलं नाही" हे पहिल्या माणसापुरतं खरं असेल.

आणि परवानगी मिळतच नाही असं नाही. सोयुझचं उड्डाण बघायला परदेशी पर्यटक रीतसर जातात. कागदपत्रं बरीच आधी द्यावी लागतात, सोबत माणूस असतो, हँगरपाशी नेत नाहीत. पण तळावरच्या संग्रहालयाच्या आवारात बुरानचं एक चाचणी मॉडेल आहे, त्यात आत जाता येतं.

गच्चीवरचा_कॅमेरा:

वाट छापण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. जागेचा नेमका पत्ता नि रस्ता टाकणाऱ्याचा मलाही राग येतो.

पण बाकीच्यांना एक आठवण करून देतो. बायकोनूर हे नावच फसवं आहे. खरं बायकोनूर गाव तिथून तीनशेहून जास्त किलोमीटरवर, तळ आहे त्युरातम नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळ. सोव्हिएतांनी मुद्दाम लांबचं नाव दिलं. बाहेरच्या जगाला ही जागा दिसली तीच घुसखोरीच्या फोटोतून! ऑगस्ट १९५७मध्ये अमेरिकेचं यू-टू हेरविमान रेल्वेचा रूळ धरत वरून गेलं आणि तळाचे पहिले फोटो मिळाले. तेव्हापासून या जागेचा इतिहास चोरून काढलेल्या फोटोंचाच आहे.

खडूस_काका:

हेरगिरीचा दाखला देऊन स्वतःचीच बाजू पाडलीत. १ मे १९६०ला, म्हणजे इकडे महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्याच दिवशी, पेशावरहून निघालेलं असंच यू-टू रशियात पाडलं. वैमानिक जिवंत सापडला, पॅरिसची शिखर परिषद बोंबलली. फोटोपायी.

शिवाय आपल्याकडचा कायदा बघा. १९२३चा शासकीय गुपितं कायदा अजून चालू आहे. प्रतिबंधित जागेजवळ वाईट हेतूने फिरणं, नकाशा किंवा रेखाटन करणं हा गुन्हा. "मी कलाकार आहे" हे ठाण्यात सांगून बघा.

ओॲसिसमधला:

वाचत होतो, आता लिहितो. मी अंटार्क्टिकात मैत्री तळावर एक हिवाळा काढलाय. मैत्रीच्या आधी आपला दक्षिण गंगोत्री तळ होता, १९८३-८४मध्ये बांधलेला. तो बर्फाच्या थरावर होता, त्यामुळे दरवर्षी बर्फ साचत गेला आणि इमारत खाली खाली गेली. १९९०च्या सुमारास सोडून द्यावी लागली. आज कितीही मोठा फोटोग्राफर आणा, कुंपण नाही की पहारा नाही, त्याला काही दिसणार नाही. ती इमारत आज आपल्याला दिसते ती तिथे राहिलेल्यांच्या फोटोंत. कुणी स्वयंपाकघराचा काढला, कुणी जनरेटरच्या खोलीचा, कुणी दारापुढे बर्फ खणताना. चौकट वाकडी, फ्लॅश भिंतीवर आदळलेला. पण इंजिनिअरबाईंना हवं ते सगळं त्यात सापडेल.

असले फोटो एका रात्रीत येणारा काढूच शकत नाही. थंडीत कॅमेरा चालवणं हीच वेगळी नोकरी आहे. बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची, फोटोपुरती लावायची, परत खिशात. धातूची पाठ गालाला लागली तर चिकटते. श्वास सोडला की मागच्या काचेवर लगेच बर्फ. सगळ्यात वाईट म्हणजे आत येताना. बाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि आत आल्यावर दोन-तीन तास हात लावायचा नाही. मी पहिल्याच आठवड्यात अधीरपणाने पिशवी उघडली. लेन्सच्या आतल्या भिंगावर दव धरलं, ते डाग अजून आहेत. त्या लेन्सने काढलेले फोटो घरी कुणाला दाखवले की "धुकं होतं का?" असं विचारतात.

बायकोनूरलाही तळाशेजारच्या गावात हजारो माणसं राहतात, तळावर पिढ्यान्‌पिढ्या कामाला गेलेली. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ला तिथूनच उडाले, तेव्हा त्या हँगरांत दिवस-रात्र माणसं असणार. त्यांच्या कपाटांत काय आहे ते कुणी विचारलं का?

तुळई_आणि_खांब:

+१. हेच मला सुचत नव्हतं.

थळचा_पाहुणा:

थोडं अवांतर, कबुलीजबाब समजा. खांदेरीच्या जलदुर्गावर जायला मुंबई बंदराची परवानगी लागायची, त्या काळात आम्ही चौघं थळच्या एका कोळीबाबांच्या होडीतून विनापरवाना गेलो होतो. तोफा पाहिल्या, दोन रोल फोटो काढले. येताना वारा फिरला, भरती उलटली, आणि बाबा एक शब्द न बोलता तीन तास होडी सांभाळत होते. काठावर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "तुमचं ठीक आहे, लायसन माझं जाईल." पैसे जास्त देऊ केले, घेतले नाहीत. आता २०२५पासून खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत आहे. माझे ते फोटो चांगले आहेत, पण दाखवताना बाबा आठवतात, म्हणून कुणाला दाखवत नाही.

गच्चीवरचा_कॅमेरा:

थळचा_पाहुणा, तुमचा प्रतिसाद मेव्हण्याला वाचून दाखवला. तो जिंकल्यासारखा हसतोय.

फोटो भिंतीवरून काढणार नाहीये. उजेड खरंच तसा आहे, त्याला मी काय करू? पण ओॲसिसमधला यांनी म्हटलेलं डोक्यात राहिलंय. त्या गावातल्या जुन्या कामगारांचे रशियन भाषेतले गट असतात, तिथे शोधायला सुरुवात केलीय. काल एक मिळाला: हँगरचा दरवाजा अर्धवट उघडा, खाली सायकल टेकवलेली, बाजूला दोन बायका पांढऱ्या कोटात. दरवाजाचे रूळ स्पष्ट दिसतात. तुळई_आणि_खांब, व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा.

राईनकाठचा, ऑक्टोबरात कामानिमित्त फ्रँकफर्टला येतोय. श्पायरचं संग्रहालय सोमवारी बंद असतं का? ट्रायपॉड चालतो?

राईनकाठचा:

वर्षाचे ३६५ दिवस उघडं. ट्रायपॉडचं विचारून सांगतो.

खडूस_काका:

तिकीट काढून जा म्हणजे झालं.