इंजिन थेट पंख्याला का जोडत नाहीत?

काका, तुम्ही विचारलंत की जहाजाचं इंजिन थेट पंख्याला (पाण्यातल्या प्रोपेलरला) जोडायचं सोडून मध्ये गिअरबॉक्सचं लोढणं कशाला? तर काही जहाजांत ते थेटच असतं. मोठ्या मालवाहू जहाजांचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 100 फेऱ्यांच्या आसपासच फिरतं. मागे जायचं तर बहुधा इंजिनच उलटं चालवतात.

भानगड येते मध्यम वेगाच्या इंजिनांत. इंजिन 500-600 फेऱ्यांवर खूश, पंखा मात्र मोठा आणि सावकाश हवा. फार भरभर फिरवला तर पात्यांवर बुडबुडे होऊन फुटतात आणि धातू कुरतडला जातो. म्हणून मध्ये गिअरबॉक्स: इंजिनाकडे छोटा पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, आणि पंख्याकडे मोठं चाक. इथे वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात, जीआयडीसीत (गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत), असं एक चाक पाहिलंय: दात डावे-उजवे तिरके, माशाच्या काट्यासारखे. एका बाजूचा आडवा रेटा दुसरी बाजू खाते. दातावरून नख फिरवलं, कुठे अडकलं म्हणून नाही!

इंजिन गिअरबॉक्सला जोडणारा-सोडवणारा क्लच मोटरसायकलसारखाच, तेलात बुडालेल्या प्लेटांचा. फक्त प्लेटा दाबायचं काम स्प्रिंगऐवजी तेलाचा दाब करतो. पंख्याच्या एकाच शाफ्टवर (दांड्यावर) दोन इंजिनं असली की क्लचने एक सोडवून दुरुस्तीला घ्यायचं, जहाज दुसऱ्यावर चालत राहतं.